ऋषिऋण आणि आईची पाटी



शारदीय नवरात्रानंतर दसरा येतो, आणि त्या दिवशी शस्त्रांच्या जोडीने आपण पाटीचीही पूजा करतो. घरोघरी पाटी स्वच्छ धुतली जाते, तिच्यावर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढली जाते, हळदकुंकू वाहून झेंडूचे फूल ठेवले जाते. लहानग्याचा हात धरून ती आकृती काढून देणारी बहुधा आई असते. पूजा होते ती पाटी मात्र मुलाची. ज्यांनी स्वतः कधी पाटी हाती धरली नाही अशा कितीतरी माता आपल्या समाजात होऊन गेल्या, आणि आजही आहेत. त्यांना सरस्वती काढता येते, परंतु तिच्याखाली स्वतःचे नाव लिहिता येत नाही. अशा मातेने, किंवा अशा पित्याने, संसार अंगावर असताना आणि घरी दारिद्र्य असताना विद्या मिळवावयाचे ठरविले, तर धर्माच्या दृष्टीने त्या निश्चयाचे मोल काय, हा आजच्या निरूपणाचा विषय आहे.

मनुष्य तीन ऋणे घेऊन जन्मास येतो, ही कल्पना आपल्या परंपरेत वेदकाळापासून चालत आली आहे. यज्ञाने देवऋण फिटते, संततीने पितृऋण फिटते आणि ब्रह्मचर्याने, म्हणजे गुरूपाशी राहून केलेल्या अध्ययनाने, ऋषिऋण फिटते. मूळ वचन एका वर्णास उद्देशून आहे हे खरे, आणि स्त्रियांना व समाजाच्या फार मोठ्या भागाला अध्ययनाचे दार शतकानुशतके बंद ठेवले गेले हेही तितकेच खरे. ज्याला कर्ज फेडण्याची संधीच दिली नाही, त्याला ऋणको म्हणून दोष देता येत नाही. परंतु आज ते दार उघडले आहे. पूर्वजांनी जे ज्ञान साठविले त्याचा उपभोग आपण सर्वच घेतो, आणि म्हणून त्याचे ऋणही आपणा सर्वांवर सारखेच आहे.

आता आपल्या घरांतून नेहमी ऐकू येणारे एक वाक्य घेऊ. कष्टकरी आई म्हणते, "आमचे राहिले ते राहिले, आता मुलांचे पाहू." या वाक्यामागे फार मोठा त्याग आहे. स्वतः अर्धपोटी राहून, अंगावरचा एखादा डाग मोडून ज्यांनी मुलांची फी भरली, त्यांच्यापुढे आपण नम्रच झाले पाहिजे. परंतु या वाक्यात एक चूक समजूतही दडलेली आहे. मुलगा शिकला म्हणजे आपल्या वाटचे अध्ययन त्याने केले, असे आपण धरून चालतो. सावकाराचे कर्ज बापाने काढले असेल तर मुलगा ते फेडू शकतो, कारण पैशाला कोणाचा हात लागला हे पाहिले जात नाही. ऋषिऋणाचा व्यवहार तसा नाही. मुलाने केलेले अध्ययन ही मुलाच्या ऋणाची फेड होय. आईचे ऋण आईच्याच नावावर राहते. जेवणाचेही असेच आहे. मुलगा जेवला म्हणजे आईचे मन भरते, पण पोट भरत नाही.

कोणी म्हणेल, गृहस्थाश्रमात आल्यावर अध्ययनाचा काळ संपला. त्यांनी तैत्तिरीय उपनिषदातील शिक्षावल्ली पाहावी. तेथे मनुष्याच्या कर्तव्यांची एक माळच दिली आहे. सत्य, तप, इंद्रियनिग्रह, अग्निहोत्र, अतिथिसत्कार, इतकेच काय, संतती आणि तिचे संगोपनही त्या माळेत आहे. आणि प्रत्येक कर्तव्याचे नाव घेतल्यावर त्याच्या जोडीला पुन्हापुन्हा स्वाध्याय आणि प्रवचन, म्हणजे शिकणे आणि शिकविणे, यांचा उच्चार केला आहे. मुले झाली म्हणून स्वाध्याय सुटला, असे ऋषी म्हणत नाहीत. मुले आणि स्वाध्याय ही दोन्ही त्यांनी एकाच ओळीत शेजारी शेजारी बसविली आहेत.

मग अडचण कोठे येते? खेड्यातील गरीब घरात विद्येच्या वाटेवर तीन धोंडे असतात. पहिला पैशाचा, दुसरा वेळेचा आणि तिसरा लाजेचा. पहिले दोन सर्वांना दिसतात. पेरणीच्या आणि सुगीच्या दिवसांत शाळेची वेळ आणि शेताची वेळ एकच असते, हे खेड्यात राहिलेल्याला सांगावयास नको. परंतु वय वाढले की तिसरा धोंडा पहिल्या दोहोंहून जड होतो. "या वयात अ, आ, ई गिरवीत बसू? लोक काय म्हणतील? सून काय म्हणेल?" या विचाराने कित्येकांचे हात पाटीपर्यंत जाऊन मागे येतात.

छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबालाची कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. गुरुगृही जावयास निघालेल्या सत्यकामाने आईला आपले गोत्र विचारले. जबाला ही दुसऱ्यांच्या घरी राबणारी गरीब स्त्री. तिने मुलाला सरळ सांगितले की तारुण्यात अनेक ठिकाणी परिचर्या करीत असताना तू मला झालास, तुझे गोत्र मला ठाऊक नाही. माझे नाव जबाला, तुझे नाव सत्यकाम, तेव्हा तू स्वतःस सत्यकाम जाबाल म्हणून सांग. मुलाने गौतम ऋषींपुढे जाऊन शब्दशः तेच सांगितले, आणि सत्यापासून तो ढळला नाही एवढ्यावरच ऋषींनी त्याचा स्वीकार केला.

या कथेचे श्रेय आपण बहुधा सत्यकामाच्या सत्यनिष्ठेला देतो. परंतु सत्याचा पहिला उच्चार आईने केला होता. "मला ठाऊक नाही" हे तीन शब्द तिने स्वतःच्या मुलासमोर लाज न बाळगता उच्चारले. विद्येचा आरंभ याच तीन शब्दांपासून होतो. ज्याला आपल्याला येत नाही हे म्हणवत नाही, त्याला कोणताही गुरू शिकवू शकत नाही. उपनिषदाने त्या दासीचे नाव पुसून टाकले नाही, उलट तिच्या नावानेच मुलगा ब्रह्मविद्येच्या इतिहासात ओळखला जातो.

कथेचा पुढचा भागही ध्यानात घेण्याजोगा आहे. गुरूने सत्यकामाला चारशे रोडक्या गाई दिल्या आणि त्यांना घेऊन रानात पाठविले. त्यांच्या एक हजार होईपर्यंत परतणार नाही, असा त्याने निश्चय केला. गुरे राखीत असताना वृषभ, अग्नी, हंस आणि मद्गु नावाचा पाणपक्षी यांनी त्याला ब्रह्माचा एकेक पाद सांगितला. श्रम करणाऱ्या मनुष्यालाही ज्ञान होते, किंबहुना श्रमातच होते, असा याचा अर्थ. तथापि परत आल्यावर त्याने गुरूपाशी पुन्हा शिकविण्याची प्रार्थना केली, कारण आचार्याकडून घेतलेली विद्याच सिद्धीस जाते असे त्याने ऐकले होते. अनुभवाने शहाणे झालेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. आयुष्याने पुष्कळ शिकविले असले, तरी अक्षर शिकवावयास कोणीतरी शिक्षक लागतोच, आणि त्याच्यापुढे बसण्यात कमीपणा नाही.

पुराणकाळ सोडून आता अलीकडची उदाहरणे पाहू. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ सालचा. कोकणातील दापोलीजवळच्या मुरूड गावी गरिबीत त्यांचे बालपण गेले. एका परीक्षेसाठी ते भर पावसाळ्यात सह्याद्री ओलांडून शंभराहून अधिक मैल पायी चालत साताऱ्यास गेले, आणि वयाने लहान दिसतो एवढ्या कारणावरून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. ही हकीकत शाळेतील मुलांना सांगितली जाते. परंतु पुढील गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. कर्वे मॅट्रिक झाले ते १८८१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव यांचा जन्म १८८२ चा, आणि कर्वे बी. ए. झाले १८८४ मध्ये. म्हणजे पदवीचा अभ्यास त्यांनी केला तो पिता झाल्यावर, मुंबईत शिकवण्या करून पोट भरीत असताना. आणि वयामुळे एकदा दार बंद झालेल्या या मनुष्यानेच पुढे हजारो स्त्रियांना विद्येचे दार उघडून दिले.

त्या स्त्रियांपैकी एकीचे चरित्र आजच्या विषयाशी फारच जवळचे आहे. पार्वतीबाई आठवले यांचा जन्म १८७० साली रत्नागिरी जिल्ह्यातील देवरूख येथे झाला. त्या काळी तेथील मुलींना शाळा ठाऊक नव्हती. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले, आणि विसाव्या वर्षी पदरी लहान मुलगा असताना वैधव्य आले. त्या काळच्या रूढीप्रमाणे केशवपन झाले, आणि माहेरच्या घरात राबणे एवढेच आयुष्य पुढे उरले. त्यांची बहीण बाया हिलाही बालपणीच वैधव्य आले होते. ती १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकावयास गेली, आणि १८९३ मध्ये तिचा कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. त्या विवाहामुळे मुरुडच्या समाजाने कर्वे कुटुंबावर बहिष्कार घातला. अशा बहिणीच्या आश्रयाने पुण्यास जाऊन शिकावयाचे, म्हणजे स्वकीयांच्या रोषाची पर्वा सोडावयाची.

पार्वतीबाईंनी ती सोडली. मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न होताच, त्याच्याच जोडीला त्यांनी स्वतःच्या शिक्षणाचाही प्रश्न उभा केला. कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली ती १८९६ मध्ये, आणि १९०० मध्ये तो पुण्याजवळ हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. वयाची पंचविशी उलटल्यावर, एका मुलाची आई असलेली ही विधवा आपल्याहून लहान मुलींच्या बरोबरीने धडे घेऊ लागली. पुढे आश्रमाची व्यवस्था त्यांच्याकडे आली, आणि आश्रमासाठी निधी गोळा करीत त्या गावोगाव फिरल्या. इतके करून त्यांचे शिकणे संपले नाही. इंग्रजी यावे आणि संस्थेस साहाय्य मिळावे म्हणून १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या एकट्या अमेरिकेस गेल्या आणि परक्यांच्या घरी घरकाम करून त्यांनी तेथे निर्वाह केला. देवरूखच्या माजघरात जे काम नशिबी आले म्हणून केले, तेच काम परदेशात विद्येसाठी आपखुषीने केले. १९२८ साली त्यांचे "माझी कहाणी" हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ज्या मुलीला शाळा ठाऊक नव्हती, तिने स्वतःचे चरित्र स्वतः सांगितले. ऋषिऋणाची फेड याहून वेगळी काय असते?

येथे एका गैरसमजापासून आपण सावध राहिले पाहिजे. अशी चरित्रे ऐकली की आपण म्हणतो, गरिबी हीच खरी शाळा, हालअपेष्टांतूनच माणसे घडतात. हे बोलणे भरल्या पोटी सोपे असते. तप मनुष्य स्वेच्छेने करतो, दारिद्र्य त्याच्यावर लादलेले असते. साताऱ्याची पायपीट करणारा एक विद्यार्थी महर्षी झाला म्हणून, वाटेतूनच परत फिरलेल्या शेकडो मुलांची हानी भरून निघत नाही. निश्चय हा शिकणाऱ्याचा धर्म, आणि वाट सोपी करून देणे हा समाजाचा धर्म. यातील पहिल्याची स्तुती करून दुसऱ्याची टाळाटाळ करणे हा मोठा दोष होय.

दुसरा धर्म कसा पाळावा याचे उदाहरण आम्हा बडोदेकरांच्या तर घरातलेच आहे. महाराज सयाजीराव गायकवाड हे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातील शेतकरी कुटुंबात १८६३ साली जन्मले. १८७५ मध्ये दत्तक म्हणून बडोद्यास आणले गेले तेव्हा बारा वर्षांच्या या मुलाचे शिक्षण जवळजवळ झालेच नव्हते. इतर मुले ज्या वयात पुस्तके वाचू लागतात, त्या वयात त्यांनी अक्षरओळखीपासून आरंभ केला. उशिरा शिकावयास बसण्याचे कष्ट ज्याने स्वतः भोगले, त्याच राजाने १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्यात लागू केला. एवढ्यावर न थांबता १९१० पासून राज्यात ग्रंथालयांचे जाळे विणले, आणि लाकडी पेट्यांत पुस्तके भरून फिरती ग्रंथालये खेडोपाडी पाठविली. शाळा मुलांसाठी होती. पुस्तकांची पेटी मात्र शाळेचे वय उलटलेल्या आईबापांपर्यंतही पोचत होती. वय गेले म्हणून मनुष्याचा विद्येवरील अधिकार जात नाही, हे त्या पेट्यांमागील तत्त्व होते.

स्वातंत्र्यानंतर हेच तत्त्व लोकांनी आपापल्या गावी हाती घेतले. सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. तीत गावातील शिक्षक आणि शिकलेली माणसे प्रौढांना अक्षरे शिकवीत, आणि सारा गाव साक्षर झाला की ग्रामगौरव समारंभ होई. अगदी अलीकडे, ८ मार्च २०१६ रोजी, ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे या लहानशा गावी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या स्त्रिया गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन दुपारी शाळेत येऊ लागल्या. आपल्यालाही पोथी वाचता आली असती तर, ही त्या वृद्ध स्त्रियांची इच्छा त्या शाळेच्या मुळाशी होती. त्यांना ना नोकरी हवी होती, ना पदवी. देवाचे नाव कागदावर स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे एवढीच त्यांची ओढ. याला भक्ती म्हणावयाचे नाही, तर कशाला म्हणावयाचे?

बंधु-भगिनींनो, आता आपल्या स्वतःच्या मंदिराकडे वळू. चातुर्मासात येथे पोथी लागते. श्रोत्यांत अशा भगिनी असतात, की ज्यांना अध्यायामागून अध्याय तोंडपाठ असतात, पण पोथी हाती दिली तर ती उलटी आहे की सुलटी हे कळत नाही. त्या संकोचाने मागे बसतात. आपण त्यांच्या भक्तीचे कौतुक करतो, आणि त्यांच्या निरक्षरतेकडे मात्र कधी सवयीने तर कधी सोयीने डोळेझाक करतो. वर्षातून एकदा मंदिरात विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. ज्या आईने चार घरची धुणीभांडी करून मुलाला सत्कारास पात्र केले, ती शेवटच्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजविते, आणि सत्काराच्या पत्रकावर मात्र अंगठा उठविते. ज्या हातावर आपण तीर्थ देतो, त्याच हातावर शाईचा तो डाग पाहून आपल्या मनाला काही वाटले पाहिजे.

यास्तव तीन गोष्टी सुचवावयाच्या आहेत. पहिली, सायंआरतीनंतर सभामंडपाचे दिवे लगेच मालवू नयेत. एक तास तेथे वडीलधाऱ्यांचा वर्ग चालावा, आणि आपल्याच सभासदांच्या शिकलेल्या मुलामुलींनी त्यात शिकवावे. जे मूल आईला अक्षर शिकविते, ते स्वाध्याय आणि प्रवचन ही दोन्ही व्रते एकदम पाळते. दुसरी, अर्धवट शाळा सोडलेल्या आईबापांना पुढची वाट दाखवावी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या दहावीच्या परीक्षेस वयाची वरची मर्यादा नाही, आणि पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी केंद्र सरकारने २०२२ ते २०२७ या काळासाठी नवभारत साक्षरता कार्यक्रम आखला आहे. हे पुष्कळांना माहीतच नसते. अर्ज भरून देणे, पुस्तके मिळवून देणे, परीक्षेच्या ठिकाणी सोबत जाणे, ही आजची गुरुसेवा समजावी.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे, कारण ती घरात करावयाची आहे. आई शिकावयास बसली की त्या तासाचे काम कोणीतरी उचलले पाहिजे. पतीने पाणी भरावे, मुलाने भांडी घासावी, सुनेने हसण्याऐवजी पाटी पुसून द्यावी. घरातील एका माणसाचा स्वाध्याय हा साऱ्या घराचा यज्ञ आहे, आणि यज्ञात प्रत्येकाला काही ना काही आहुती द्यावी लागते. वेळेचा धोंडा असा मिळून हलवावा लागतो. पैशाचा धोंडा समाजाने उचलावा. लाजेचा धोंडा मात्र जिचा तिलाच उचलावा लागेल, पण आपण हसलो नाही तर तोही पुष्कळ हलका होईल.

आणि ज्या माता-पित्यांच्या मनात ही इच्छा अनेक वर्षे दबून राहिली आहे, त्यांस एवढेच सांगणे आहे. आपल्या शिकण्याने मुलांच्या वाटचे काही कमी होत नाही. दिव्याने दिवा लावला म्हणून पहिल्याचा उजेड कमी होत नाही, आणि ज्या घरात आई पुस्तक घेऊन बसते, त्या घरात मुलांना अभ्यासाला बसा म्हणून ओरडावे लागत नाही. जबालेप्रमाणे "मला ठाऊक नाही" असे निःसंकोच म्हणा, आणि सत्यकामाप्रमाणे गुरूच्या शोधात निघा. सरस्वतीच्या दारात कोणाचेही वय विचारले जात नाही.

तिच्या कृपेने आपल्या प्रत्येक घरात वडीलधाऱ्यांच्या हाती पाटी येवो, आणि ती घेण्याचे धैर्य व देण्याचे औदार्य आम्हा सर्वांस लाभो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.

शुभं भवतु.